हाली रुपया आणि पारखी नजर

जालना जिल्ह्यातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात दोन तऱ्हेचे चांदीचे रुपये निघतात. एकावर इंग्लंडच्या राणीचा नाहीतर राजाचा मुखवटा असतो, तो कलदार. दुसऱ्यावर चार मिनारांची कमान असते, तो हाली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा पगार, शेतसारा, कापसाचा सौदा सगळे हालीत चाले. कलदार हा इंग्रजी मुलखातून आलेला पाहुणा. आज हे दोन्ही रुपये मोडायला नेले, तर सराफ ते काट्यावर टाकतो, घट वजा करतो आणि चांदीच्या भावाने पैसे हातावर ठेवतो. त्याच टांकसाळीचा, त्याच सालचा, पण कोणाच्या हातात न खेळलेला हाली रुपया मुंबईच्या किंवा बंगळूरच्या लिलावात आला, तर मात्र त्याला चांदीच्या कितीतरी पट बोली लागते. चांदी तेवढीच, ठसा तोच. मग हा वरचा पैसा कशाचा?

नाणे टांकसाळीतून बाहेर पडले त्या दिवशी जसे होते, तसे किती उरले आहे, याचा तो पैसा. हे ‘किती’ ठरवण्याला बाजारात ग्रेडिंग म्हणतात, आणि गेल्या चाळीस वर्षांत या ग्रेडिंगने जगभरचा नाणेबाजार पालटून टाकला आहे. भारतात त्याची गंमत वेगळीच आहे. इथला कायदा आणि इथल्या घराघरांतल्या सवयी यांमुळे ग्रेडिंगच्या प्रमाणपत्रापेक्षा नाणी हाताळून हाताळून डोळा तयार झालेल्या माणसाला अजूनही जास्त किंमत आहे.

आधी हाली रुपया नीट पाहू. दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग त्यासाठी पुरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, यंत्रावर पाडलेल्या हैदराबादी नाण्यांवर चारमिनार आला. भोवती फारसी अक्षरांत निजामाची पदवी आहे, हिजरी साल आहे आणि शिवाय एक लहानसा आकडा आहे, ९२. नवा संग्राहक हमखास त्याला साल समजतो. ते साल नव्हे. अरबी-फारसीत प्रत्येक अक्षराला एक अंक दिलेला असतो. त्या अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावाची अक्षरे मांडली तर चाळीस, आठ, चाळीस आणि चार, मिळून ९२ होतात. पैगंबरांचे नाव असे आकड्यात घालून रुपयावर बसवले आहे. उलट बाजूला किंमत, राज्यारोहणाचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव, तेही ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ अशा भारदस्त थाटात.

आता भिंग चारमिनारच्या मधल्या कमानीवर आणावे. कमानीच्या पोकळीत एकच अक्षर कोरलेले आहे. महबूब अलींच्या नाण्यावर तो ‘मीम’, महबूबमधला. १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अलींच्या नाण्यावर ‘ऐन’, उस्मानमधला. त्यातही उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांत हा ऐन अर्धवट आहे आणि नंतरच्यांत पुरा. फरक तिळाएवढा, पण नाण्यांच्या सूचीग्रंथात त्या तिळामुळे दोन निराळे प्रकार मानले जातात. साधा रुपया म्हणून मांडलेल्या लॉटमध्ये हा अर्धा ऐन ज्याला दिसतो, त्याचा दिवस चांगला जातो.

या रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास, त्यात चांदी ८१.८ टक्के. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे एका हालीत निव्वळ चांदी ९.१४ ग्रॅम आणि कलदारात १०.६९. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, तरी हाली पुढे काही वर्षे चालतच राहिला आणि त्याचा दर होता सात हालीला सहा कलदार. गुणाकार करून पाहावा: सात हालींत निव्वळ चांदी ६४ ग्रॅम, सहा कलदारांतही ६४ ग्रॅमच्या आसपास! कागदी नोटांच्या जमान्यातही दर मूळच्या चांदीला धरूनच राहिला होता. १९५९ मध्ये हाली चलनातून कायमचा गेला. तोवर मराठवाडा मुंबई राज्यात आलेला होता. जालना जिल्हा मात्र औरंगाबादेतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

असल्या दरांची सवय या मुलखाला जुनी. मोगल काळात टांकसाळीतून नुकता निघालेला रुपया पूर्ण दराने चाले, जुना झाला की त्यावर बट्टा बसे. मराठेशाहीत तर गावोगावच्या टांकसाळी आणि त्यांचे नाना रुपये: अंकुशी, चांदवडी वगैरे. जिल्ह्याच्या उत्तरेला असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. त्या काळी फौजेबरोबर बाजार हिंडे आणि बाजारात सराफ असत. कोणता रुपया कितीला घ्यायचा हे ते वाजवून, चोळून, वेळप्रसंगी लहानसा ठसा मारून किंवा कडेला छेद देऊन ठरवत. तपासून झालेल्या नाण्यावरची ती सराफी खूण म्हणजे त्या काळचे प्रमाणपत्रच म्हणायचे. आजच्या लिलावात तीच खूण दोष ठरते.

सध्याच्या ग्रेडिंगचे मूळ अमेरिकेत आहे. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १, निर्दोष नाणे ७०. पहिल्याची किंमत एक डॉलर तर शेवटच्याची सत्तर, असा सरळ हिशेब. तो हिशेब लवकरच कोलमडला, पण पट्टी टिकली. याच शेल्डनसाहेबांनी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले सरस सेंट उचलून त्यांच्या जागी स्वतःकडचे हलके सेंट ठेवल्याचे पुढे, त्यांच्या पश्चात, उघडकीला आले. प्रतवारी सगळ्यांत चांगली कळणाऱ्यानेच प्रतवारीचा गैरफायदा घेतला.

या पट्टीवर पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्यांनी अनुक्रमे १९८६ आणि १९८७ मध्ये धंदा उभारला. नाणे कंपनीकडे पाठवायचे; मालक कोण हे न कळता एकाहून अधिक पारखी ते पाहतात, अस्सल आहे का ठरवतात, अंक देतात, आणि नाणे कडक प्लॅस्टिकच्या बंद पेटीत जाते. तिला स्लॅब म्हणतात. वरच्या चिठ्ठीवर अंक आणि नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ६० पासून ७० पर्यंतची नाणी न वापरलेली, त्यांच्या अंकाआधी ‘एमएस’ लागते. ५० ते ५८ मध्ये उंचवट्यांवर किंचित घास. चाळिशीतले अंक चांगल्या स्थितीतल्या पण चलनात हिंडलेल्या नाण्यांचे. सगळी मारामारी साठीच्या वर असते, कारण एमएस ६३ आणि एमएस ६५ यांत नवख्या डोळ्याला दिसेल असा फरक नसतो आणि किमतीत मात्र बराच असतो.

नाणे न वापरलेले आहे की नाही, हे बघण्याची रीत मात्र सोपी आहे. खोलीत एकच दिवा ठेवावा, नाणे कडेने धरावे आणि तिरके करून हळूहळू फिरवावे. न वापरलेल्या चांदीवर प्रकाशाचा एक पट्टा मध्यापासून कडेपर्यंत उमटतो आणि नाण्याबरोबर गरगर फिरतो. ठशाचा दाब पडताना धातू मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात आणि त्यांच्यामुळे हा पट्टा दिसतो. नाणे खिशात फिरले की उंचवट्यांवरच्या रेषा आधी जातात. घासून चकचकीत केले की सगळ्याच जातात. मग नाणे भांड्यासारखे एकसारखे चमकते, पट्टा फिरत नाही.

आपल्याकडची नाणी इथेच मार खातात. दिवाळीला चिंच, राख नाहीतर रिठ्याने चांदी उजळायची, हा घरोघरचा रिवाज. दुसरे कारण दागिन्यांचे. रुपयांच्या माळा तांड्यावरच्या बायांच्या गळ्यात असत, इतर घरांतही असत. रुपयाला वरून कडी झाळलेली असे किंवा आरपार भोक पाडलेले असे. पुढे कडी काढून टाकली तरी कडेच्या खाचा तेवढ्या जागी भरलेल्या राहतात आणि झाळीचा डाग भिंगाखाली चटकन दिसतो. असे नाणे ग्रेडिंगला गेले तर त्याला अंक मिळत नाही, चिठ्ठीवर नुसते ‘डिटेल्स’ येते: नाणे अस्सल, तपशील अमुक दर्जाचा, पण साफ केलेले किंवा कडी लावलेले. म्हणूनच लाखांनी पाडलेले हाली आणि कलदार रुपये अस्सल चकाकीसह सापडणे इतके दुर्मीळ झाले आहे.

आता कायद्याकडे. पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे झालेले नाणे पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी एकेका सालाने पुढे सरकते. १९४३ चा हाली रुपया आज या रेघेच्या अलीकडे आहे, महबूब अलींचा रुपया केव्हाच पलीकडे गेला. ग्रेडिंग कंपन्यांची मोठी केंद्रे परदेशात आहेत. तेव्हा सातवाहनांचे शिसे, यादवांची पद्मटंका, शिवराई, अंकुशी रुपया, महबूब अलींचा चारमिनार, यांतले भारतात असलेले काहीही तिकडच्या केंद्रात पाठवून स्लॅबमध्ये घालून आणणे बेकायदा आहे. स्लॅबमधले जुने भारतीय नाणे इथल्या लिलावात दिसले, तर ते बहुधा परदेशातल्या संग्रहातून स्लॅबसह आलेले असते. तशी कागदपत्रे आहेत का, हे विचारण्याचा घेणाऱ्याला पूर्ण हक्क आहे.

याचा परिणाम असा की भारतीय लिलावात जुनी नाणी बहुतेक सुटी विकली जातात. मुंबईचे तोडीवाला आणि ओसवाल, बंगळूरचे मरुधर, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही या क्षेत्रातली परिचित नावे. त्यांच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक लॉटचा फोटो, वजन, अंदाजे किंमत आणि दर्जाचा शेरा असतो. शेरा विकणाऱ्या बाजूचा असतो. फोटोत चकाकीचा पट्टा फिरत नाही, झाळीचा डाग सावलीत लपतो. लिलावाआधी लॉट प्रत्यक्ष पाहायला ठेवतात, तो दिवस खरा महत्त्वाचा. जालन्याच्या किंवा अंबडच्या माणसाला प्रत्येक वेळी मुंबई गाठणे जमत नाही. त्याच्या वतीने त्या टेबलापाशी बसतो तो डीलर.

चांगला डीलर काय करतो? तो पन्नास लॉटमधून सत्तेचाळीस बाद करतो. मला विचाराल तर त्याची निम्मी कमाई या नकारातच आहे. अमुक नाणे साफ केलेले आहे, अमुक घबाडातून निघालेले असल्यामुळे अजून बरीच येणार आहेत म्हणून थांबा, अमुक मुंबई टांकसाळीने संग्राहकांसाठी जुन्या ठशावरून नंतर पाडलेले आहे, हे तो सांगतो. हे शेवटचे अनेकांना माहीत नसते: मुंबई आणि कलकत्ता टांकसाळी १९७० च्या आसपासपर्यंत मागणीप्रमाणे जुन्या नाण्यांच्या अशा प्रती पाडून देत. त्या सरकारी आहेत, सुंदरही आहेत, पण मूळ सालच्या नव्हेत. मग तो कमाल बोली ठरवतो, ती लिहून घेतो आणि खोलीत हवा तापली तरी तिच्या वर जात नाही. स्वतः बोली लावणाऱ्याला हे फारसे जमत नाही. हातोडी पडण्याआधीच्या दहा सेकंदांत माणूस नाण्यासाठी बोलत नसतो, समोरच्याला हरवण्यासाठी बोलत असतो.

पैशाचा हिशेब आधीच करून ठेवावा. समजा हातोडी १०,००० रुपयांवर पडली. त्यावर लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे शुल्क लागते. ते १५ टक्के धरले तर ११,५००. मग कर. मग डीलरचे कमिशन, पाच टक्के ठरले असेल तर आणखी ५००. मनात धरलेला दहा हजारांचा रुपया घरी येईपर्यंत साडेबारा हजारांच्या घरात जातो. म्हणून कमाल बोली सांगताना हातोडीचा आकडा आणि घरपोच आकडा यांतला कोणता म्हणतो आहोत, ते स्पष्ट असावे.

डीलरलाही काही प्रश्न विचारावेत, आणि ते विचारताना संकोच करू नये. या लिलावात तुमचा स्वतःचा माल आहे का? याच लॉटवर दुसऱ्या कोणासाठी बोली लावणार आहात का? नाणे बनावट निघाले तर किती दिवसांत परत घेणार? पुरावस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या त्याच अधिनियमाखाली परवाना लागतो. तो आहे का, आणि पक्के बिल मिळेल का? या प्रश्नांवर चिडणाऱ्या डीलरकडे परत जाऊ नये.

जिथे स्लॅबला खरोखर पर्याय नाही, अशीही नाणी आहेत. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घ्या. १९४० मध्ये रुपयातली चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आणली गेली. १९३९ चा रुपया हा जुन्या कसाचा शेवटचा आणि आज अतिशय दुर्मीळ. त्यामुळे १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून ९ करण्याचा उद्योग जोरात चालतो. नाणे शंभरीच्या अलीकडचे असल्यामुळे पुरावस्तूचा अडसरही नाही. असे नाणे कोणी सुटे आणि स्वस्त देऊ लागला, तर घेऊ नये, एवढेच. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाची गोष्ट याहून नाजूक. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, वजन तीन ग्रॅमच्या आत. खरे होन मोजकेच आणि नकला गल्लोगल्ली. तिथे स्लॅबही नाही आणि श्रद्धेचा उपयोगही नाही. वजन, ठशाची घडण आणि नाणे कोणाकोणाच्या हातून आले त्याची नोंद, या तीनच गोष्टी. स्लॅबच्याही नकला होतात हे जाता जाता सांगून ठेवतो. नोंदणी क्रमांक पडताळताना संकेतस्थळावरचा फोटो आणि हातातले नाणे यांवरचे ओरखडे जुळवावेत.

लिलावाचा विषय आणि निजामाचे नाव एकत्र आले की जहांगिराच्या हजार तोळी मोहरेचा उल्लेख टाळता येत नाही. १६१३ मध्ये आग्र्याला पाडलेली ही मोहर जवळजवळ बारा किलो सोन्याची आणि वीस सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे जेवणाच्या लहान ताटाएवढी. ती निजामांच्या घराण्यात होती असे सांगतात. १९८७ मध्ये ती जिनिव्हाच्या लिलावात पुढे आली, विकली गेली नाही, आणि आज कुठे आहे ते जाहीर नाही. सीबीआयनेही शोध घेतला. जगातल्या सर्वांत मोठ्या सुवर्णनाण्यांपैकी एक, आणि स्लॅबमध्ये मावणारच नाही असे.

जमिनीतून निघणाऱ्या नाण्यांचा कायदा मात्र निराळा आहे आणि जालनेकरांना तो जवळचा. जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीची, शेजारच्या जिल्ह्यात नदीकाठी सातवाहनांचे पैठण. जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे सांचीच्या आणि भरहुतच्या दानलेखांतले भोगवर्धन. तिथे १९७३ च्या सुमारास शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि इटलीतल्या पॉम्पेई शहरात मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. अशा पांढरीच्या गावांत नांगराला नाणी लागणे नवलाचे नाही. त्यांचे पुढे काय होते त्यावर इतिहास ठरतो. गोदावरीच्याच वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या १३,२५० नाण्यांचे घबाड निघाले. क्षत्रप नहपानाची ती नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एका राजाचे तोंड दुसऱ्या राजाच्या चैत्यचिन्हाखाली दबलेले, असे हजारो नमुने एकत्र मिळाले म्हणून गौतमीपुत्राच्या विजयाचा इतका ठसठशीत पुरावा हाती आला. तीच नाणी दहा-दहा करून बाजारात गेली असती, तर प्रत्येकाला चांगला भाव आला असता आणि इतिहासाच्या हाती काही लागले नसते. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाणी नुसती जमवण्यापेक्षा ती वाचायला शिकायचे असेल त्याने तिकडे एकदा जावे.

शेतात किंवा घराच्या पायात पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. लपवले तर हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. खबर दिली, मूळ धनी कोणी पुढे आला नाही, शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला आणि सरकारने ठेवा स्वतः घेतला नाही, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारने ठेवा घेतला, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त रक्कम द्यावी लागते. असली नाणी कोणताही परवानाधारक, नेक डीलर पावतीशिवाय हातात घेणार नाही. आणि घ्यायला तयार झाला, तर तो आपल्या कामाचा नाही.